एकच गोळी नेणारी अकरा माणसं

गंगाखेडला माझं मेडिकलचं दुकान आहे. औषधवाल्याला गावाची बरीच गुपितं कळतात आणि ती पोटातच ठेवावी लागतात. कुणाला साखर आहे, कोण झोपेच्या गोळीशिवाय झोपत नाही, कुणाच्या घरी पाळणा हलणार आहे. काही वर्षांपूर्वी वहीचा हिशेब करताना माझ्या ध्यानात आलं की लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या माझ्याकडून अकरा जण नेतात. कुणी राणीसावरगावचा, कुणी धारासूरचा, दोघं तर गावातल्याच एका गल्लीतले. अकरावं गिऱ्हाईक माझ्या घरातलंच होतं. बापू, माझे वडील.

ही गोळी पार्किन्सन्सची. बाकीच्या दहांपैकी एकालाही दुसऱ्याची खबर नव्हती. जो तो समजत होता की हे आपल्याच नशिबी आलंय. एका घरात तर करणीचा संशय धरून दोन वर्षं भगताकडे खेटे चालले होते. यातूनच आमचं, पार्किन्सन्सच्या रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं, मंडळ सुरू झालं. लोक मला विचारतात, "भाऊ, या रोगावर इलाज नाही म्हणता, मग मंडळ करतं काय?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायचं तर आधी रोग समजून घ्यावा लागतो.

मेंदूत खोलवर काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा भाग असतो. तिथं डोपामिन नावाचं रसायन तयार होतं. हात उचलायचा, पाऊल टाकायचं, कूस बदलायची, हसायचं, ही कामं आपण ठरवून करत नाही, होऊन जातात. ती सुरळीत होण्यासाठी डोपामिन लागतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. का मरतात, याचं एकच एक उत्तर नाही. पेशींत एका प्रथिनाच्या गुठळ्या साचतात हे दिसतं. वय हे मोठं कारण आहे. काही कीटकनाशकं आणि तणनाशकं, विशेषतः पॅराक्वाट, यांच्याशी संबंध असल्याचं अनेक अभ्यासांत आढळलंय. पण म्हणून अमक्याला फवारणीमुळेच झाला असं छातीठोक सांगता येत नाही. तरी पाठीवर पंप घेऊन कपाशीत उघड्या तोंडानं फिरणारी पोरं दिसली की मी हटकतोच.

आपल्या भागात समजेल असं सांगतो. मेंदूतला तो भाग म्हणजे धरण. धरण निम्म्यावर आलं तरी पाळीचं पाणी सुटत राहतं आणि गावाला काही जाणवत नाही. मग एके वर्षी कालव्याच्या टेलच्या, म्हणजे पार शेवटच्या, शेतात पाणी पोचत नाही आणि तेव्हा बोंब होते. पार्किन्सन्सचंही असंच आहे. हाताला कंप दिसतो किंवा चाल मंदावते, तोवर त्या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त, गेलेल्या असतात. म्हणजे रोग 'सुरू झाला' असं आपण म्हणतो, तेव्हा तो आत येऊन बरीच वर्षं झालेली असतात.

बापूंचंच सांगतो. पहिल्यांदा त्यांचा उजवा खांदा धरला. वर्षभर तेल चोळलं, शेक दिला. त्याच्याही आधीपासून त्यांना वास येत नव्हता. चुलीवर दूध करपलं तरी शेजारी बसलेल्या बापूंना पत्ता नसायचा. शौचाला साफ होत नव्हतं. रात्री झोपेत मोठ्यानं बैल हाकायचे, एकदा तर मायच्या पाठीत गुद्दा बसला. या सगळ्याची एकच माळ आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. मग सही बारीक होत गेली. पैसे काढायची स्लिप बँकेतून परत आली, सही जुळत नाही म्हणून. बापू तिथंच तणतणले, "माझी सही मला येत नाही का?" खरं तर येत नव्हती. अक्षर ओळीच्या शेवटाकडे मुंगीएवढं व्हायचं.

लोक हा रोग कंपावरून ओळखतात. पण साधारण चारांतल्या एकाला कंप नसतोच. कंप असला तरी तो बहुधा एका बाजूनं सुरू होतो आणि हात मांडीवर निवांत पडलेला असताना जास्त दिसतो. पेला उचलला की कमी होतो. खरा त्रास मंदपणाचा. सदऱ्याची बटणं लावायला दहा मिनिटं. चालताना एक हात हलेनासा होतो. आवाज खोल जातो. आणि चेहरा गोठतो. या चेहऱ्यानं घराघरात फार गैरसमज केलेत. माय वर्षभर म्हणत होती, "ह्यांना माझ्या हातचं गोड लागंना आता. बोलायलेत बी तुटक." बापू रागावलेले नव्हते. हसू आत येत होतं, तोंडापर्यंत पोचत नव्हतं.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरनं १८१७ साली या रोगावर पहिला निबंध लिहिला. त्यात सहाच माणसांचं वर्णन आहे, आणि त्यांतली तिघं त्यानं चक्क रस्त्यावर पाहिलेली होती. पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चाल न्याहाळणारी म्हातारी माणसं आपल्याकडे काय कमी आहेत? आजही हे निदान प्रामुख्यानं जाणकार डॉक्टरच्या नजरेवर आणि हातावर चालतं. रक्ताची साधी तपासणी करून 'आहे' किंवा 'नाही' असं उत्तर मिळत नाही. एमआरआय बहुतेकदा नॉर्मलच येतो. तो काढतात ते दुसरं काही नाही ना, हे बघायला.

इथं माझ्या धंद्याची एक गोष्ट कबूल करतो. काही औषधांनीच माणूस पार्किन्सन्ससारखा दिसायला लागतो. चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने चाललेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, आणि पित्ताच्या गोळीत मिसळून येणारी लेव्होसल्पिराइड. ही औषधं डोपामिनची वाट अडवतात. 'पित्ताची तीच गोळी द्या' म्हणत कागद न दाखवता वर्षानुवर्षं नेणारी माणसं माझ्याकडे होती, आणि मी देत होतो. त्यांतल्या एका आजीचा कंप गोळी बंद केल्यावर काही महिन्यांत गेला. त्या दिवसापासून माझ्याकडे पित्ताची ती गोळी कागदाशिवाय मिळत नाही. दोन गिऱ्हाइकं रागावून समोरच्या दुकानात गेली. जाऊ द्या.

आता गोळीकडे येऊ. डोपामिन कमी पडतं तर सरळ तेच का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत शिरताना एक कडक फाटक लागतं आणि डोपामिनला तिथं प्रवेश नाही. लेव्होडोपाला आहे. आत गेल्यावर तिचं डोपामिन होतं. सोबतची कार्बिडोपा हे रूपांतर बाहेर, वाटेतच, होऊ देत नाही. नाहीतर औषध वाया जातं आणि मळमळ वाढते. टँकर भरून निघाला आणि वाटेत कुणी नळी लावून उपसला तर गावात काय पोचणार? कार्बिडोपा हा त्या टँकरवर बसवलेला राखणदार.

टँकरचंच उदाहरण पुढं नेतो, कारण मराठवाड्यात ते उलगडून सांगावं लागत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूकडे साठवायला हौद असतो. उरलेल्या पेशी डोपामिन साठवतात आणि लागेल तसं सोडतात, म्हणून तीन वेळच्या गोळ्यांवर दिवस सुरळीत जातो. पेशी आणखी कमी झाल्या की हौदच राहत नाही. टँकर आला तेवढा वेळ पाणी, गेला की कोरडं. माणूस गोळीनंतर तास-दोन तास चालता-बोलता असतो आणि पुढच्या गोळीआधी लाकडासारखा ताठ होतो. घरचे म्हणतात, "मघाशी तर चांगले चालायले होते, आता सोंग करायलेत." सोंग नाही. टँकर संपलाय. कधी उलटही होतं: औषध शिगेला असताना हातपाय, मान आपोआप वळवळतात. ती वळवळ रोगाची नसून औषधाच्या मात्रेशी जोडलेली असते, आणि ती डॉक्टरला सांगावी लागते.

म्हणून या रोगात गोळीइतकीच गोळीची वेळही महत्त्वाची. आठ म्हणजे आठ. आणि पोट बघून. डाळ, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांचे घटक आणि लेव्होडोपा एकाच नळावर रांगेत उभे राहतात. घागरींची गर्दी झाली की आपली घागर मागं राहते. बापू वर्षभर सकाळची गोळी पेलाभर दुधासोबत घेत होते, आणि औषध लागू होत नाही म्हणून डोस वाढवायच्या गोष्टी चालल्या होत्या. गोळी जेवणाआधी अर्धा तास, साध्या पाण्यासोबत, एवढा एक बदल केला आणि सकाळी अंगणापर्यंत चालणं परत आलं. वरण-दूध तोडायचं नाही हं. म्हाताऱ्या माणसाला प्रथिनं लागतातच. वेळ बदलायची. सुरुवातीला मळमळत असेल तर गोळीसोबत एखादं बिस्कीट चालतं.

खाजकुयलीचा प्रश्न दर बैठकीला निघतो. आयुर्वेदात कंपवातावर तिच्या बिया सांगितल्यात आणि त्या बियांत खरोखर लेव्होडोपा असते. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी ती वेगळी काढून दाखवली होती. म्हणजे थोतांड नाही. पण म्हणूनच जपायचं. चूर्णात ती किती आहे याचा भरवसा नाही, आणि वर गोळ्या चालूच, म्हणजे दोन टँकर एकदम. चूर्ण चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. 'मुळासकट बरा करतो' म्हणणारा आला तर मात्र चहा पाजून वाटेला लावा.

आणखी दोन गोष्टी दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावल्यात. एक, या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. त्यातून ताप, शरीर ताठणं, जिवावर बेतणं इथपर्यंत जाऊ शकतं. दुसरी, उलटी होते म्हणून मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन घ्यायचं नाही. ते डोपामिन अडवतं. खेड्यातल्या दवाखान्यात उलटी म्हटलं की बरेचदा तेच भरतात, कुणाचा वाईट हेतू नसतो. आमच्या मंडळातला प्रत्येक जण खिशात एक कार्ड ठेवतो: मला पार्किन्सन्स आहे, माझ्या गोळ्यांच्या वेळा या, हे औषध देऊ नका.

मंडळ कसं जमलं तेही सांगतो. माझ्याकडे नावं होती, पण ती वाटायचा मला अधिकार नव्हता. म्हणून काउंटरवर एकेकाला हळूच विचारलं, "तुमच्यासारखेच आणखी काही जण आहेत. तुमचा नंबर त्यांना देऊ का?" सहा जण हो म्हणाले. दोघांनी तर गोळ्या न्यायचं दुकानच बदललं. पहिली बैठक मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, उन्हं कलल्यावर, गोळी लागू झालेली असते अशा वेळी. दोन म्हातारे समोरासमोर बसले, दोघांचेही हात हलतायत. एकानं विचारलं, "तुमचा कामून हलायलाय?" दुसरा म्हणाला, "तुमचा हलायलाय म्हणून." सगळे हसले. दोघांचे चेहरे मात्र तसेच.

पायरी सोडा, नुसता उंबरा असला तरी पाय जमिनीला चिकटतो, हे त्या बैठकीत सगळ्यांनी सांगितलं. दार, अरुंद बोळ, वळण, इथं पाय खिळतो. ओढलं की माणूस पडतो. आणि गंमत अशी की समोर आडवी रेघ दिसली किंवा कानावर ठेका पडला की तोच पाय सुटतो. आपोआप चालण्याची वाट बंद झालेली असते. बघून किंवा ऐकून चालण्याची दुसरी वाट उघडी असते. आषाढीच्या आधी गजानन महाराजांची पालखी गंगाखेडवरून जाते. बापूंना खुर्चीवर दारात बसवलं होतं. टाळ जवळ आले, 'ज्ञानबा-तुकाराम' सुरू झालं आणि बापू उठले, उंबरा ओलांडला आणि दिंडीच्या कडेनं पंधरा-वीस पावलं पावली खेळत गेले. टाळ पुढं गेले तसे थांबले, आणि मग त्यांना खुर्ची नेऊन द्यावी लागली. शेजारीण म्हणाली, माउलीनं चालवलं. मी नाही कशाला म्हणू? पण दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर टाळाचा ठेका भरून घेतला, आणि मायनं न्हाणीघराच्या दाराआधी रांगोळीच्या तीन आडव्या रेघा मारल्या. रांगोळी पुसायला लागली तेव्हा ऑइलपेंटच्या. बैठकीत आता पहिली वीस मिनिटं टाळ वाजवत जागच्या जागी पावली असते, मग मोठ्या आवाजात हरिपाठ, कारण ओरडून म्हटलं की आवाज जरा वर येतो. पुण्यात हृषीकेश पवार हे नर्तक पार्किन्सन्सच्या रुग्णांना नृत्य शिकवतात, तेही याच वाटेनं जातं.

पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईत २००१ साली सुरू झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या संस्था आमच्या किती तरी आधीपासून हे काम करतायत. त्यांच्याकडून शिकावं, पण आपल्या गावाचे प्रश्न वेगळे आहेत. मेंदूचा डॉक्टर नांदेडला किंवा संभाजीनगरला. एका माणसाला घेऊन जायचं म्हणजे घरातल्या दोघांची मजुरी बुडते. आम्ही तीन महिन्यांतून एकदा क्रूझर ठरवतो, सहा रुग्ण आणि सोबतीचे चौघं, एकाच दिवशी. डॉक्टरांनाही बरं पडतं, कारण प्रत्येकाच्या हातात आठवड्याच्या वेळांचा कागद असतो: गोळी केव्हा, चांगलं केव्हा, ताठ केव्हा, वळवळ केव्हा. पाच मिनिटांच्या तपासणीत 'कसं काय आजोबा?' 'बरं आहे' यापेक्षा तो कागद जास्त बोलतो.

दिवाळीच्या सुमाराला आणखी एक अडचण उभी राहते. पोरगा-सून ऊसतोडीला कोयता घेऊन जातात आणि म्हातारा-म्हातारी मागं राहतात. बाईला घड्याळ कळत नाही. मग मंडळातलं कुणीतरी आठ, बारा, चार आणि आठला फोन करतं. एवढंच. चार फोन. यावर फार कुणी टाळ्या वाजवणार नाही, पण मागच्या हंगामात ज्या तीन घरी फोन जात होते, त्या घरी एकही माणूस पडला नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यांत पार्किन्सन्स आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. ४० टक्के किंवा जास्त भरलं तर बहुतेक योजनांचं दार उघडतं. तपासणीला जाताना एक अडचण येते. माणूस गोळी घेऊन चांगला चालत आत जातो आणि तपासणारा म्हणतो, यांना काय झालंय? म्हणून गोळी संपल्यावरचा, ताठ झाल्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ आणि जुने कागद सोबत न्या. गोळी चुकवून नेऊ नका.

लाखो रुपयांची मेंदूतली शस्त्रक्रियाही असते. बारीक तारा बसवून वीजेचे ठोके देतात. ज्यांना लेव्होडोपा चांगली लागू होते पण चढउतार फार आहेत, अशा निवडक लोकांना तिचा उपयोग होतो. तीही रोग घालवत नाही. आमच्यातल्या कुणाची झालेली नाही.

बायकांची बैठक वेगळी घेतो. ही कल्पना मायची. पुरुषांसमोर त्या 'बरं चाललंय' म्हणतात. आपापसात बसल्या की रात्रीतून चारदा उठावं लागतं, कंबर गेली, माहेरी जाऊन तीन वर्षं झाली, हे सगळं निघतं. तिथंच एकीनं रडत सांगितलं की मालक म्हातारपणी मटका लावायला लागलेत, दोन एकर गहाण टाकायला निघालेत. मला कळल्यावर मी कागद बघितला. प्रामिपेक्सोल, तीही पार्किन्सन्सचीच गोळी. या आणि रोपिनिरोलसारख्या औषधांनी काही जणांना जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा अनावर ओढा लागतो. डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू कमी केली आणि मटका सुटला. तोवर त्या माणसाची भावकीत पुरती बदनामी झाली होती.

दुसरा प्रश्न सोयरिकीचा. मुलीला बघायला पाहुणे आले की बापाला आतल्या खोलीत बसवतात. हा रोग शिवल्यानं लागत नाही. बहुतेकांत तो पिढीजातही नसतो. घराण्यात आणखी कुणाला असल्याचं साधारण दहा-पंधरा टक्क्यांतच दिसतं. तरीही लपवतात, आणि बाप आत बसून सगळं ऐकत असतो.

मंडळाची नोंदणी आम्ही पहिली तीन वर्षं केली नाही. पैसे गोळा करत नव्हतो, तर कशाला? क्रूझरचं भाडं जाणारे वाटून घ्यायचे. मग परगावचे लोक मदत द्यायला लागले तेव्हा सात जणांची कार्यकारिणी करून धर्मादाय कार्यालयात नोंदणी केली. माझ्या दुकानातूनच औषध घ्यावं असं मंडळात कुणी बोललं तर मी उठून जातो, हे पहिल्या दिवशीच सांगितलंय.

अकरांपैकी आता सात जण आहेत. नवे नऊ आलेत. गेलेल्यांपैकी एकाची बायको, आम्ही तिला मावशी म्हणतो, अजून दर महिन्याला येते. नवरा अंथरुणाला खिळला त्या दोन वर्षांत त्याला एकटीनं कूस बदलून द्यायला ती शिकली, आणि आता नव्या सुनांना शिकवते. मागच्या महिन्यात तिला रुग्ण म्हणून कुणीतरी हवं होतं, तर मी सतरंजीवर आडवा झालो. तिनं माझा लांबचा गुडघा वाकवून पाय रोवला, एक हात खांद्यामागं, एक कमरेमागं. "ओढायचं नाही बाई," ती सुनांना म्हणाली, "तू तुझ्याच अंगाचं वजन मागं टाक. तो आपोआप येतो." आणि मी आलो. माझं वजन ब्याऐंशी किलो आहे. तिचं फार तर पंचेचाळीस असेल. "परत," मागची एक सून म्हणाली, "मला नीट दिसलं नाही." मावशीनं मला परत उताणा केला.